एक जिना खाली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रकल्पाचे प्रमुख माननीय निरंजन कुलथे साहेब, प्रमुख पाहुणे आणि आमच्या नियोजन विभागाचे माजी प्रमुख आदरणीय बबनराव गावडे साहेब, तीन नंबर लाइनचे फोरमन मीरासाहेब मुजावर, ऑफिसमधले माझे सहकारी, शिफ्ट संपवून घरी न जाता इथे थांबलेले लाइनवरचे बंधू-भगिनी, कँटीनची मंडळी, आणि पहिल्या रांगेत अगदी डाव्या टोकाला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलेले माझे वडील हिंदुराव पाटोळे, म्हणजे आमचे आबा, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

शाल फार छान आहे. भाषण संपेपर्यंत मी ती खांद्यावरून काढणार नाही, आणि त्याला कृपया नम्रता समजू नका. हात मागे नेऊन ती काढणं मला जमत नाही, एवढंच कारण आहे.

आत्ता कुलथे साहेब म्हणाले, "विजयश्री मॅडम म्हणजे एकाग्रतेची मूर्ती. त्यांची नजर कधी स्क्रीनवरून हलली नाही." साहेब, मूर्ती हा शब्द तुम्ही अचूक निवडलात. नजरच काय, काहीच हलत नव्हतं. मूर्तीला निदान कुणी तेल लावून चोळतं तरी.

निरोप समारंभ म्हटला की माणूस कुठे तरी लांब चाललेला असतो. आपण सुजितला निरोप दिला, तो जर्मनीला गेला. सावंत काका निवृत्त होऊन कोकणात गेले. मी कुठे चालले आहे? ऑफिसच्या दारातून बाहेर पडायचं, उजवीकडे वळायचं आणि एक जिना खाली उतरायचं. तीन नंबर लाइन. उद्या सकाळी मी याच कंपनीच्या बसने, तुमच्याच शेजारी बसून, याच गेटमधून आत येणार आहे. तरी तुम्ही हार आणलात, माझ्या समोरच्या टेबलवरच्या दिव्याने माझ्यावर कविता केली आणि कँटीनने समोसे तळले. समोशांबद्दल माझी तक्रार नाही.

मी कुठे चालले आहे हे या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे. एका माणसाला सोडून.

आबा, दिव्याने तुम्हाला परस्पर फोन केला. काका, मॅडमचा सत्कार आहे, तुम्ही यायचंच, पण त्यांना सांगू नका, आपण गंमत करू. पुनावळ्याहून तुम्हाला गाडीतून घेऊनही आली. तिची काही चूक नाही. तिला वाटलं, एवढी मोठी गोष्ट बाईंनी घरी सांगितलेलीच असणार. आणि तुम्हाला वाटलं, बढती. सकाळी सोसायटीत पेढे वाटून आलात, हे मला दारात कळलं. आत येता येता तुम्ही मीरासाहेबांना विचारलंत, "हिची केबिन कुटल्या अंगाला?" आणि भल्याभल्या साहेबांना तोंडावर उत्तर देणारे आमचे मीरासाहेब म्हणाले, "काका, चहा घेणार का?"

आबा, केबिन नाही. होती ती खुर्चीही मी सोडली आहे. उद्यापासून मी लाइनवर असेन, दिवसभर पायांवर. का, ते सांगते. जरा वळणावळणाने सांगते, कारण सरळ सांगायची हिंमत असती तर घरीच सांगितलं असतं. गेले कितीतरी रविवार ठरवलं आणि प्रत्येक रविवारी तुम्हाला आमटी वाढून गप्प बसले. आताही तुमच्याकडे न बघताच बोलणार आहे. तशी निसर्गानेच सोय केली आहे. माझी मान डावीकडे वळत नाही.

अध्यक्ष महोदय, विषयांतराबद्दल क्षमस्व. मूळ विषयाकडे येते. मूळ विषय मीच आहे.

आपण गाड्यांच्या दारांची कुलपं बनवतो. कुठलं कुलूप कुठल्या दिवशी किती बनायचं, त्याला लागणारा माल कधी यायचा, कुठलं मशीन किती वेळ चाललं की थांबवून त्याला तेल-पाणी करायचं, हे सगळं मी संगणकावर मांडत होते. वीस वर्षं होत आली. एवढ्या काळात मी लाखो कुलपं पाहिली, पण आकड्यांत. मागच्या महिन्यात मीरासाहेबांनी एक हातात दिलं, तर मी विचारलं, "हे एवढं जड असतं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या स्वयंपाकिणीने विचारलं, मीठ खारट असतं का.

तर पहिली गेली ती मान. डावीकडून कुणी हाक मारली की मी खुर्चीसकट वळायचे. नव्या मुलींना वाटायचं, मॅडम किती आदराने बोलतात, अख्ख्या वळून. घरी मात्र खुर्चीला चाकं नाहीत. त्यामुळे आमचे यजमान डावीकडून काही बोलले की मी समोरच बघत राहायचे. ते बिचारे समजत होते, मी रुसले आहे. त्या काळात त्यांनी घरातली पुष्कळ कामं केली, म्हणून मीही खुलासा केला नाही.

मग डोळे. स्क्रीनकडे बघताना माणूस पापण्या मिटायचं विसरतो, हे मला फार उशिरा कळलं. डोळे कोरडे पडतात आणि गंमत अशी, की कोरडे पडले की त्यातून पाणी वाहायला लागतं. दिव्या तेव्हा नवी होती. तिने पाहिलं, समोर बसलेली बाई रोज दुपारी मुकाट्याने रडते आणि टायपिंग करते. माझ्या टेबलवर चॉकलेटं यायला लागली. मी खात गेले. एक दिवस ती खुर्ची ओढून जवळ बसली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "घरी ठीक आहे गं, मे महिन्याचं वेळापत्रक ठीक नाही." तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मला समजतं."

उपाय केले नाहीत असं नाही. मानेला उशी, कमरेला उशी, मनगटाखाली उशी. निळा उजेड अडवणारा चष्मा. मोबाइलवर कुणी पाठवलेले व्यायाम मी रोज बघत होते, बसून. संगणकात एक आठवणीची सोय करून घेतली. ठरावीक वेळाने एक चौकोन उघडायचा, "उठा, थोडं चाला." खाली दोन बटणं, "उठते" आणि "नंतर". मी "नंतर" दाबायचे. म्हणजे न उठण्यासाठी बोटांना तेवढंच जास्तीचं काम लावायचे.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला कुणी बांधून ठेवलं होतं का? उठायचं होतं की.

याचं उत्तर प्रमुख पाहुण्यांपाशी आहे. साहेब, तुमची परवानगी गृहीत धरून सांगते. मी रुजू झाले त्या आठवड्यात सकाळी चहाचा भोंगा झाला. लाइन थांबली. सगळ्यांनी हातमोजे काढले आणि कँटीनकडे चालू पडले. मीही उठले, शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर उठतो तशी. बबनराव साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "बसा मॅडम. तो भोंगा आपला नाही. आपला चहा इथे येतो."

साहेब हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय. साहेब, तुम्ही ते मायेने म्हणालात, आणि तुम्हालाही कधी तरी कुणी तसंच मायेने सांगितलं असणार. पण त्या वाक्याने माझी मान किती ताठ झाली म्हणून सांगू? तिथूनच ती बिघडली असावी. भोंग्याला उठतात ते लाइनवरचे आणि न उठणारे ते स्टाफ. आपल्याकडे स्टाफ ओळखायची खूण हीच. चहा टेबलावर आला, मग डबाही टेबलावर आला. एका हातात पोळी, एका हातात माउस. उठायला एकच कारण उरलं, ते मी मंचावरून सांगत नाही. बायकांना कळलं आहे. त्यासाठी उठावं लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायला लागले. मूतखडा झाला तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, चाकणचं पाणीच वाईट.

एवढं हे मोठेपण मला का चिकटलं? तर त्याचं कारण डाव्या टोकाला बसलं आहे.

आबा साताऱ्याकडून इकडे आले आणि भोसरीत एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर लागले. प्रेसवर बसून काम नसतं. एकदा कुणी स्टूल मागितलं तर सुपरवायझर म्हणाला होता, बसायचं असेल तर गावी जाऊन पारावर बसा. आम्ही पिंपरीत एका खोलीत राहत होतो. आबा कामावरून आले की जमिनीवर आडवे पडून दोन्ही पाय भिंतीला वर लावायचे. पोटऱ्यांतल्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. शाळेतून घरी आलं की आम्हा भावंडांना बापाचा चेहरा खाली शोधायची सवय होती. इतर मुलांचे बाप उभे असतात याचं मला लहानपणी नवल वाटायचं.

आबांनी मला कधी डॉक्टर हो, इंजिनिअर हो म्हटलं नाही. ते एवढंच म्हणायचे, "विजे, बसून करायचं काम बग." दहावीनंतर संगणकाच्या क्लासला घातलं तेही त्याचसाठी. आणि मला इथे नोकरी लागली, कुटुंबाला कंपनी दाखवायचा दिवस आला, तेव्हा आबांनी प्रेस पाहिल्या नाहीत, नवा रंगकाम विभाग पाहिला नाही. ते सरळ वर आले, माझ्या खुर्चीपाशी उभे राहिले, तळहाताने गादी दाबून पाहिली. बबनराव साहेबांना विचारलं, "ही हिचीच का? दुसऱ्या शिफ्टला कोन बसत न्हाई ना हितं?" साहेब म्हणाले, "नाही हो, त्यांचीच." मी म्हटलं, "आबा, बसून बघा की." तर म्हणाले, "नगं. कापडं मळकी हायत." धुतलेला शर्ट होता. असाच पांढरा.

आता सांगा, अशा खुर्चीतून कशी उठणार? मला वाटायचं, या माणसाच्या उभं राहण्याची फेड आपण बसून करतोय. उठले तर कृतघ्न ठरेन. हे कुणी मला सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं आणि मनापासून पाळलं, मानेपासून मनगटापर्यंत.

यावर्षी आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात थेंब घालायचं काम माझ्याकडे. तोवर उजव्या हाताची बोटं बरेच दिवस बधिर होती. अंगठा आणि शेजारची दोन. बटणं लावताना बघावं लागायचं, चहाचा कप दोनदा निसटला होता. मी म्हणायचे, कपच गुळगुळीत आहे. त्या दिवशी आबा खाटेवर मान मागे टाकून पडले, मी बाटली धरली, दाबली. थेंब मिशीवर. पुन्हा दाबली. थेंब कानात. बोटं बाटली दाबताहेत की नुसती धरून आहेत, हेच मला कळत नव्हतं. माझ्या हाताचंच मला कळत नव्हतं. आणि आबा काय म्हणाले? "माजाच डोळा हालतोय. तुजं न्हाई चुकत."

दुसऱ्या दिवशी मी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

मी म्हटलं, "ऑफिसमध्ये असते."

"ते दिसतंय. काम काय करता?"

"मशीन किती चालवायचं आणि कधी थांबवायचं, ते ठरवते."

त्यांनी मान वर करून पाहिलं. हसल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. माझा हात इकडून तिकडून वळवला, सुया टोचल्या, तपासण्या केल्या. मानेतून हाताकडे जाणारी नस दबली आहे, मनगटातलीही दबली आहे. म्हणाल्या, "जाणीव पूर्ण गेलेली नाही. बसणं आत्ता मोडलंत तर परत येईल. असंच चालू ठेवलंत तर येणार नाही, आणि मग ऑपरेशन करूनही मी शब्द देणार नाही."

मी कुलथे साहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उत्तम खुर्ची मागवली. मान टेकायला, हात टेकायला, सगळीकडे काही ना काही. साहेब, ती खुर्ची इतकी चांगली होती की आधी उठत होते तेवढीही मी उठेनाशी झाले. तेव्हा मला कळलं, दोष खुर्चीत नव्हता. मला उठवत नव्हतं. पुन्हा तुमच्या दारात आले आणि खालचं काम मागितलं. लाइनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहायचं, कुठे माल कमी पडतोय ते डोळ्यांनी बघायचं. हुद्दा तोच, फक्त खुर्ची नाही. तुम्ही विचारलंत, "घरी बोललात का?" मी म्हटलं, "हो." माझे यजमान म्हणजे घरच, तेवढ्यापुरतं ते खरं होतं.

मीरासाहेबांना मी घाबरतच भेटले. म्हटलं, दिवसभर उभं राहून जमेल का मला? ते म्हणाले, "ताई, पहिला आठवडा पाय शिव्या देतील. देऊ द्यायच्या. आमच्याकडं एक बरं आहे, भोंगा झाला की मी कुणाला थांबूच देत नाही, हाकलतो. तुम्हालाही हाकलीन, वाईट वाटून घेऊ नका."

वाईट कसलं. वीस वर्षांत मला असं प्रेमाने कुणी हाकललं नव्हतं.

दिव्या, माझ्या जागेवर तू बसणार आहेस. ती चांगली खुर्चीही तुलाच. मी तुला उपदेश करणार नाही, कारण मी केलेला प्रत्येक उपदेश बसून केला आहे. फक्त उद्या सकाळी भोंगा झाला की वर बसू नकोस. खाली ये. तुझा चहा टेबलावर येईल, तो तसाच राहू दे. कँटीनचा चहा गोड असतो आणि भांडी नीट विसळलेली नसतात, हे मला माहीत आहे. तरी ये. बबनराव साहेब, तुमचं वाक्य मी मोडते आहे. तुम्ही मान हलवलीत. होकारार्थी होती, असं मी धरते. तुमचीही मान पूर्वीसारखी हलत नाही, म्हणून नक्की सांगता येत नाही.

आता मी डावीकडे वळणार आहे. मला अख्खंच वळावं लागेल, माइकसकट. थोडा आवाज होईल.

आबा. मी तुमच्याकडे बघते आहे.

तुम्ही उभे राहिलात म्हणून मी बसले, हे मी विसरलेले नाही. तुम्ही मला जे मिळवून दिलंत ते मी टाकून चालले आहे असं तुम्हाला वाटेल, या भीतीने मी हात जाऊ देत होते. हा हात मला परत हवा आहे. उरलेले थेंब घालायला हवा आहे. पेढे वाटलेत त्या घरांमध्ये तुम्हाला उद्या काय सांगावं लागेल, ते मला कळतंय. तुम्हाला राग आला असेल तर इथे सगळ्यांसमोर बोला. घरी तुम्ही बोलणार नाही. नुसतं आमटी चांगली झाली म्हणाल.

आबा उठताहेत. मीरासाहेब, जरा हात द्या त्यांना.

आबा, इथे माइकवर या. येत नाहीत. तिथूनच बोलताहेत. मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल म्हणून मी सांगते. ते माझ्याशी बोलतच नाहीयेत. ते अध्यक्षांना विचारताहेत, "साहेब, लायनीवर घेताय म्हन्ता, तर हिला बूट कवा देनार?"

साहेब म्हणाले, "उद्याच मिळतील काका."

आबा म्हणताहेत, "उद्या न्हाई. बुटाशिवाय मशीनीजवळ पाय ठिवायचा न्हाई तिनं. आन मापाचं द्या. मला स्टोअरमधून एक नंबर मोठंच मिळायचं, रिटायर हुस्तवर. चिंद्या कोंबून घातलं. हिला तसलं चालनार न्हाई."

आणि आता मला म्हणताहेत, "विजे, आजच माप दे. मी थांबतो."

आबा, बसा आता.

अध्यक्ष महोदय, मला आणखी बरंच बोलायचं होतं. आभारांची यादी पाठ करून आले होते, ती आत्ता आठवत नाही. दिव्या आणि तिच्या मैत्रिणींनी हा कार्यक्रम उभा केला, कुलथे साहेबांनी मला खाली जाऊ दिलं, बबनराव साहेब या वयात रावेतहून इथवर आले, मीरासाहेबांनी आबांना चहा पाजला, कँटीनने समोसे गरम ठेवले. सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहून गेला असेल, जीभ कुठे घसरली असेल, तर आपलीच बाई समजून पोटात घाला.

आणि साहेब, माप लिहून घ्या. पाच नंबर.